‘सर्क्युलेशन’ आणि ‘परफ्युजन’: दोन्हींना ‘रक्ताभिसरण’ चालेल का?

अनुवादक : परिचारिकांसाठीच्या शॉक-उपचारांच्या (शॉक म्हणजे ऊतींना पुरेसं रक्त न पोचण्याची गंभीर अवस्था) पुस्तिकेचं मराठी करतो आहे. ‘टिश्यू परफ्युजन’लाही ‘रक्ताभिसरण’च लिहिलं तर?

अतिदक्षता डॉक्टर : नको. रक्ताभिसरण म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्यांतून रक्त फिरणं, परफ्युजन म्हणजे ते केशवाहिन्यांतून ऊतींपर्यंत पोचणं. पाटाला पाणी आहे म्हणून वाफा भिजतोच असं नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे गंभीर जंतुसंसर्गामुळे आलेल्या शॉकमध्ये, सलाईन दिल्यावर हृदय नेहमीपेक्षा जास्त रक्त फेकतं, हातपायही गरम लागतात, तरी लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) चढलेलं असू शकतं. काही केशवाहिन्या बंद पडतात, तर काहींतून रक्त ऑक्सिजन न देताच पुढे निघून जातं.

रक्तस्रावात तऱ्हा वेगळी. कातडी आणि आतड्यांच्या वाहिन्या आवळून शरीर बीपी सांभाळतं. साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा फारसा पडत नाही. तिथलं परफ्युजन मात्र आधीच घटलेलं असतं.

अनुवादक : मग ‘रक्तपुरवठा’? रुळलेला शब्द आहे.

अतिदक्षता परिचारिका : ‘ऊतींचा रक्तपुरवठा’ चालेल, पण ‘ऊतींचा’ कधीच गाळू नका. रक्तस्रावाच्या प्रकरणात नुसतं ‘रक्तपुरवठा वाढवा’ वाचलं की वॉर्डात रक्तपेढीला फोन जाईल! कंसात ‘परफ्युजन’ ठेवा, बोलण्यात तेच आहे. आणि शॉकला ‘धक्का’ करू नका. नातेवाईक त्याचा अर्थ मनाला बसलेला धक्का असा घेतात.

अतिदक्षता डॉक्टर : मोजमापंही वेगळी लिहा. सरासरी दाब = (वरचा + दोनदा खालचा) ÷ 3. म्हणजे 90/50 ला सुमारे 63. सेप्टिक शॉकमध्ये सुरुवातीचं लक्ष्य 65. हे झालं अभिसरणाचं. परफ्युजनसाठी बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत दाबून 10 सेकंद धरा, सोडल्यावर रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त लागले तर बिघाड समजा (थंडगार खोलीत ही खूण फसवते). गुडघ्यांवरचे जाळीदार डाग बघा. लघवी ताशी किलोमागे 0.5 मि.ली. हवी, म्हणजे 60 किलोच्या रुग्णाला 30. लॅक्टेट लिटरमागे 2 मिलिमोलच्या वर असेल तर पुन्हा तपासा.

अनुवादक : मूळ मजकुरात ‘दाब सुधारला तरी परफ्युजन सुधारेलच असे नाही’ असं आहे. उदाहरण देऊ?

अतिदक्षता डॉक्टर : नॉरअ‍ॅड्रिनलिनचं द्या, म्हणजे वाहिन्या आवळून दाब वाढवणाऱ्या औषधाचं. रक्ताचं आकारमान कमी असताना केवळ ते औषधच वाढवत नेलं तर वाहिन्या आवळून मॉनिटरवर सरासरी दाब 70 दिसतो, बोटं गार पडतात, लघवी थांबते. तिथे ‘रक्ताभिसरण सुधारले’ असं छापलंत तर परिचारिका निर्धास्त होईल. ‘रक्तदाब वाढला’ एवढंच लिहा.