बेन सिमन्सची पाठ गेली की हिंमत?

रत्नागिरीचा गार्ड
काल लाइट गेलेली, म्हणून फोनमध्ये साठवलेली २०२१ ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) प्लेऑफमधली, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतली, फिलाडेल्फिया-अटलांटा मालिका काढली. सातवा सामना. आपल्याकडे तो २१ जूनच्या पहाटे लागला होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी डेटा अडकत अडकत बघत होतो.

साडेतीन मिनिटं उरलीत, फिली (फिलाडेल्फिया) दोन गुणांनी मागे. फिलीचा बेन सिमन्स अटलांटाच्या गॅलिनारीला गिरकी मारून चुकवतो. रिंगखाली अटलांटाचा एकटा ट्रे यंग, त्याच्यापेक्षा जवळजवळ पाऊण फूट बुटका. लहान पोरानेही चेंडू वर नेला असता. याने तो आपल्याच संघातल्या थायबुलकडे सरकवला. थायबुलवर फाउल, दोनातला एक फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारा मोकळा शॉट) आत. सामना १०३-९६ असा गेला. सिमन्सचे असिस्ट (ज्या पासवर सहकारी गुण करतो) १३ आणि गुण ५.

नेमाबद्दल मी बोलतच नाही, तो कधी नव्हताच. त्याचा पहिला तीन गुणांचा शॉट आत गेला तो तिसऱ्या मोसमात. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. जे होतं तेही गेलं. २०१७-१८ ला सामन्याला सरासरी १५.८ गुण, ८.१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू), ८.२ असिस्ट. पुढे ब्रुकलिन संघात गेल्यावर २०२२-२३ ला ६.९, ६.३, ६.१. लोक म्हणतात पाठ गेली. मी म्हणतो, आधी फ्री थ्रोची धास्ती बसली. आत घुसलं की फाउल होणार, मग सगळ्या स्टेडियमसमोर रेषेवर उभं राहावं लागणार. त्यापेक्षा घुसूच नका! ही एक टाळाटाळ त्याचा अख्खा खेळ खाऊन गेली.

मालवणचो खलाशी
मेल्या, तुका कधी पाठीत चमक भरली हा काय? माका विचार. जाळी ओढताना एकदा भरली ती आठ दिवस वाकाक गावला नाय. हेची तर नस दबलेली. २०२२ च्या मे म्हयन्यात ऑपरेशन, २०२४ च्या मार्चात परत ऑपरेशन. आणि पाठीचा दुखणा सुरू झाला २०२० च्या फेब्रुवारीत, मिलवॉकीच्या मॅचीत. म्हणजे तुझ्या त्या अटलांटाच्या सव्वा वर्षा आधी. मग भीती आधी खयसून इली?

रत्नागिरीचा गार्ड
तारीख मान्य. पण त्यानंतरच्याच मोसमात हा गडी सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात गोबेअरच्या मागे दुसरा आला. पाठ एवढी गेली असती तर समोरच्याच्या अंगाला चिकटून पळाला कसा? त्याच मोसमात साखळी सामन्यांत फ्री थ्रो ६१ टक्के, आणि प्लेऑफमध्ये ७३ पैकी २५, म्हणजे ३४ टक्के. हात तेच, रिंगही तेवढ्याच उंचीवर. नस मे-जूनमध्येच दबते काय?

देवगड हापूस
तुम्ही सगळे एका पासवर माणसाला फासावर देताय. ब्रुकलिनमध्ये त्या वर्षी त्याचे ५६.६ टक्के शॉट आत गेले. पहिल्या मोसमात ५४.५ होते. यात उतरण कुठे आहे?

रत्नागिरीचा गार्ड
देवगडकरांनी तरी असा हिशेब करू नये. पेटीतले वरचे चारच आंबे उघडून दाखवले तर सगळा माल पिकलेलाच दिसतो. पहिल्या वर्षी हा सामन्याला बाराच्या वर शॉट घ्यायचा, ब्रुकलिनमध्ये साडेपाच. तेही बहुतेक रिंगच्या तोंडाशी. आणि फ्री थ्रो? फिलीत सामन्याला पाचच्या आसपास मिळायचे, इथे दोनसुद्धा नाहीत.

अलिबागची रेड
मला बास्केटबॉल कमी कळतो, आमच्याकडे कबड्डी. आमच्या संघात एक चढाईपटू होता, बोनस घ्यायला पाय टाकला की डोळ्यांचं पारणं फिटायचं. एका फायनलला तिथेच त्याचा घोटा धरला आणि सात जण अंगावर पडले. पुढच्या मोसमापासून फक्त निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ओलांडायची, दोन झुलव्या द्यायच्या आणि परत. कोणी विचारलं की गुडघ्याला पट्टी बांधलेली दाखवायचा. गुडघा दुखत होता हेही खरं, मी स्वतः तेल चोळून दिलंय.

चिपळूण कोच
मी पोरांना शिकवतो, म्हणून सांगतो. दोष मुळातला आहे. हा डाव्या हाताने शॉट मारतो आणि रिंगजवळ बऱ्याचदा उजव्याने चेंडू ठेवतो. हात बदल, असं लोक वर्षानुवर्षं ओरडत होते. लीगमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या पोराला कोण सांगणार की उद्यापासून शून्यातून सुरुवात कर? आमच्या कोर्टवर जूनपासून शेवाळ धरतं, चार महिने फक्त भिंतीवर शॉट मारायचे. तेवढा कंटाळा त्याने एक पावसाळा सोसला असता तर हा धागाच निघाला नसता.

मालवणचो खलाशी
कोच, तां ऱ्हवांदे. गार्ड, तुझोच हिशोब तुका परत देतंय. पाठ दुखता तेव्हा माणूस कोणाक अंगावर घेणा नाय. पाचाचे दोन फ्री थ्रो झाले ते तेच्यामुळेच. तू तेका धास्ती म्हणतंस.

रत्नागिरीचा गार्ड
हे मी धरलं नव्हतं, ब्रुकलिनपुरतं देऊन टाकतो. पण अटलांटाचं काय? गॅलिनारीला गिरकी मारताना पाठ दुखली नाही आणि एका उडीवरच्या रिंगला दुखली?

मालवणचो खलाशी
गिरकी मारूक एक पाठ लागता. वर उडान, धक्को खाव्न खाली पडाक दुसरी लागता.

रत्नागिरीचा गार्ड
म्हणजे पडायला घाबरला. भीतीच की मग!

मालवणचो खलाशी
जा मेल्या. हय लिलाव सुरू झालो हा, रात्री येतंय.