गॉथिक अक्षरं: वाचायला की नुसती मिरवायला?

तिरका_रफार: मित्राला दंडावर आईचं नाव गोंदवायचंय, ते पण ओल्ड इंग्लिश नावाच्या गॉथिक फॉन्टमध्ये आणि सगळं कॅपिटलमध्ये. स्केच बघितलं तर नाव कसलं, बाल्कनीची जाळी वाटतेय. माझं स्पष्ट म्हणणं, ही ब्लॅकलेटर, म्हणजे गॉथिकच, अक्षरं वाचायला नाहीतच, सर्टिफिकेटचं हेडिंग, न्यूयॉर्क टाइम्सचं नाव, मेटल बँडचे टीशर्ट, बस्स. टेक्स्चुरा नावाच्या जुन्या गॉथिक वळणात इंग्रजीतून मिनिमम लिहून बघा, 15 सारख्या दांड्या ओळीने उभ्या, कुठला एम कुठे संपला देव जाणे.

बोरूवाला: सगळं कॅपिटल लावलं ही चूक फॉन्टची की तुमच्या मित्राची? ती कॅपिटलं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी यायची, खरी गंमत लहान अक्षरांत आहे. रुंद टोकाची लेखणी, आपला बोरूच म्हणा ना, एका कोनात धरली की गोलाई मोडते आणि टोकं निघतात. गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास 42 ओळींचं बायबल याच वळणात छापलं, ओळींच्या कडा सरळ याव्यात म्हणून अक्षरांची जोडलेली, आखडलेली रूपं धरून जवळपास 290 प्रकारचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडले. पान लांबून बघा, विणलेलं कापड दिसतं, टेक्स्चुरा हे नावच त्यावरून आलंय.

तिरका_रफार: कापड दिसतं हो, पण मला वाचायचंय, पांघरायचं नाहीये.

डेर_डी_डास: जर्मन शिकताना जुनं पुस्तक हाती आलं, फ्राक्टुर या जर्मन गॉथिक वळणातलं. लांब एस, म्हणजे एसचं जुनं रूप, आणि एफ यांच्यात फरक काय तर एक बारकी आडवी रेघ, पहिली दोन पानं डोकं दुखलं, दहाव्या पानानंतर लक्षातही राहिलं नाही. सगळा सवयीचा भाग आहे, मोडी वाचणाऱ्यांना विचारा.

चहा_खारी: सवय वगैरे ठीक, पण बघितलं की नाझीच आठवतात त्याचं काय?

बोरूवाला: अहो, नाझींनीच ती बंद केली! 3 जानेवारी 1941 ला नाझी पक्षातला बडा अधिकारी बोरमान याने हुकूम काढला, ही म्हणे ज्यूंची अक्षरं, आणि गंमत म्हणजे त्या हुकुमाच्या कागदाचं लेटरहेडच गॉथिकमध्ये.

चहा_खारी: आणि त्याआधीची आठ वर्षं? टॅननबर्गसारखे ठोकळेबाज गॉथिक फॉन्ट तेव्हाचेच ना, ज्यांना पुढे चेष्टेने लाँगबूटवाले म्हणायला लागले? शेवटी बंद केलं म्हणून आधीचं धुतलं जात नाही.

बोरूवाला: ते ठोकळे वाईटच, त्यात लेखणीचं वळणच नाही. पण त्यांच्या पापाचं बिल गुटेनबर्गच्या नावाने का फाडताय?

तिरका_रफार: भांडण चालू दे, अपडेट देतो. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी लहान करून घेतलं. आता वांधा असा की नावात आय आणि एन शेजारीशेजारी, आम्ही दोघं दांड्या मोजत बसलोय. टॅटूवाला म्हणतो आयवर टिंब ठळक देतो.

डेर_डी_डास: देऊ दे की. आयवर खूण करायला लागले ते याच भानगडीमुळे.