जुनी प्रथिनं मोडत नाहीत, टोकांकडे सरकतात

ई. कोलाय हा जिवाणू वाढताना बाह्यपटलातली, म्हणजे पेशीच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणातली, जुनी प्रथिनं मोडून नवी बसवतो का, असा प्रश्न पडतो. मोडत नाही, आणि मला तर हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

आमच्या रावेरकडे केळीचा पोंगा रोज दिसतो. सुरळीसारखं गुंडाळलेलं, पोपटी, ओलसर नवं पान कायम मधूनच वर येतं आणि जुनी पानं बाहेर सरकत जातात. इथंही जवळपास तसंच. नवी प्रथिनं मुख्यतः पेशीच्या मध्याजवळ, जिथं ती दुभंगणार असते तिथं बसतात. जुनी बेटाबेटांनी दोन्ही टोकांकडे ढकलली जातात. काही पिढ्यांत बहुतेक पेशींचा पृष्ठभाग नवा होतो, जुना माल जुन्या टोकांशी साचून राहतो.

बसवण्याचं काम बॅम नावाचं पाच प्रथिनांचं यंत्र करतं. तिथं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, नसतं, तरी ते प्रथिनाला पिंपासारखा आकार देऊन पटलात बसवतं. पण बॅम तर पेशीभर पसरलेलं असतं, मग काम मध्यावरच का? याचं उत्तर २०२२ मध्ये आलं: बाह्यपटलाखालची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) भिंत ठरवते. टोकांकडची मुरलेली भिंत बॅमला अडवते, मध्यावरची ताजी भिंत अडवत नाही. म्हणजे भिंत आणि बाह्यपटल हे दोन वेगळे थर एका तालात वाढतात. प्रतिजैविकं शोधणाऱ्यांचा बॅमवर डोळा आहे तो उगाच नाही. २०१९ मध्ये सापडलेलं डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक बॅमच्या पाचांपैकी बॅम-ए या प्रथिनालाच धरतं.