पाळकालाही घर असतं

दादा, 'चर्चच्या मंडळीसमोर उभा राहतो तेव्हा मनात शंका असतात, आणि घरी पोचतो तोवर लेकरू झोपलेलं असतं' हे तुमचं वाचून गलबलून आलं. मीही पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकाची (धर्मगुरूची) बायको. ताटावरून हे फोनसाठी उठतात, भाकरी गार होते. शेवटी सोमवारची संध्याकाळ लेकीची, असं मंडळीला सांगूनच टाकलं. कुणी रागावलं नाही.

शंकेचं म्हणाल तर बायबलमधल्या मार्क ९:२४ मधला बाप आठवा. आजारी पोराला घेऊन आलेला तो विश्वास आहे म्हणतो, आणि त्याच दमात अविश्वासासाठी मदत मागतो. येशूने त्याला हाकललं नाही, पोराला बरं केलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्या घरानेही सोसलीच.

वहिनींशी या शंका बोललात का? आधी तिथे बोला.