मदत हवी आहे: प्रेझेंटेशन पाठ करावं की मुद्द्यांवरून बोलावं?

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात वर्गासमोर प्रेझेंटेशन आहे. 10 मिनिटं बोलायचं, मग प्रश्नोत्तरं. विषय: अँटिबायोटिक्सना दाद न देणारे जिवाणू. माहिती भरपूर आहे, खरं तर जरा जास्तच झालीये.

सुरुवात फ्लेमिंगपासून करावी म्हणतोय. 1928 मध्ये पेनिसिलिन शोधणाऱ्या या माणसाने 1945 च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की अपुरा डोस घेतला तर जिवाणू औषधाला सरावतील. मित्र म्हणतो, आधी रीतसर 'माझा विषय अमुक अमुक' हवंच. मला तो वेळ फुकट वाटतो. तुम्ही काय कराल?

खरी अडचण वेगळी आहे. सगळं पाठ केलं की धडा म्हणून दाखवल्यासारखं होतं, आणि एक वाक्य निसटलं की गाडी तिथेच अडते. कार्डावर नुसते मुद्दे घेतले तर 'म्हणजे', 'तर मग' यांचा पाऊस. मिनिटाला साधारण 120 शब्द धरले तर 1200 होतात, पण आलेखाचे दोन अक्ष समजावण्यातच बराच वेळ जातो, शिवाय तेव्हा तोंड पडद्याकडे आणि पाठ वर्गाकडे.

सुरुवातीची आणि शेवटची दोन-तीन वाक्यं पाठ, मधलं कार्डावरून, असं कुणी केलंय का? आणि प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हटलं तर मार्क जातात का?

'आत्मविश्वास ठेव' सोडून काहीही सांगा, प्लीज.