महागाईवाढीचा हिशोब जुळत नाही, मदत हवी आहे

वैतागलेला_मुलगा: बाबांच्या पेन्शनवर जुलै २०२५ पासूनची ३ टक्के महागाईवाढ लागली. आधी महिन्याला ४३,००२ जमा व्हायचे. त्याचे ३ टक्के म्हणजे १,२९०. वाढले फक्त ९२६! बँकेत दोनदा जाऊन आलो, "सिस्टीमनं काढलंय" एवढंच ऐकवतात. तक्रार कुठे करायची तेवढं सांगा.

चष्मा_कुठाय: केंद्र की राज्य? मूळ पेन्शन किती? काही भाग विकला होता का?

वैतागलेला_मुलगा: केंद्र. मूळ ३०,८४०. पेन्शन विकतात?

निवांत_६६: बँक बरोबर आहे. वाढ जमा रकमेवर नसतेच. महागाईवाढीचा दर ५५ टक्क्यांचा ५८ झाला, तो मूळ पेन्शनवर. ५५ टक्क्यांनी १६,९६२. ५८ नं १७,८८७ रुपये २० पैसे, आणि वरचे पैसे पुढच्या रुपयात धरतात, म्हणून १७,८८८. फरक ९२६. मिटलं.

पंचाण्णववाला: ९२६ ला रडताय? आमच्या ईपीएस-९५ ला, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांच्या पेन्शनला, महागाईवाढच नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच आहे.

जुना_हिशेबनीस: खरी लूट करोनात झाली. जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले, दर १७ वरच. जुलै २०२१ ला एकदम २८ केला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी नाही ती नाहीच. आणि ५० च्या वर गेल्यावर मूळ पेन्शनमध्ये विलीन करायला हवा होता. २००४ ला केला होता.

निवांत_६६: ते पाचव्या वेतन आयोगाचं. सातव्यात तसं काही नाही. व्हॉट्सॲपवरचं इथे नको.

जुना_हिशेबनीस: व्हॉट्सॲप कसलं? २००४ ला मी स्वतः घेतलंय.

चष्मा_कुठाय: अहो थांबा जरा. ३०,८४० अधिक १६,९६२ म्हणजे ४७,८०२. जमा व्हायचे ४३,००२. दरमहा ४,८०० जातात कुठे? बाबा निवृत्त कधी झाले?

वैतागलेला_मुलगा: मे २०१०. ते औषधोपचाराच्या योजनेचे कापतात असं वाटलं होतं.

चष्मा_कुठाय: एवढे नाही कापत. हा विकलेला भाग, म्हणजे पेन्शनचा काही हिस्सा सोडून त्याचे एकरकमी पैसे घ्यायचे, सरकारी भाषेत अंशराशीकरण. १५ वर्षांनी कपात थांबते. जून २०१० पासून धरली तरी मे २०२५ ला संपली. बँकेनं आपणहून थांबवायला हवी, पण नोंदीत तारीख नसली की राहून जातं. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तारीख बघा, लेखी अर्ज द्या, जादा कापलेलं परत मागा. ९२६ चं सोडा.

वैतागलेला_मुलगा: बाबांना विचारलं. म्हणाले, हो, एकरकमी मिळाले होते, ताईच्या लग्नात गेले. पीपीओ सापडला, पण नेमकी तारखेची ओळ घडीवर आलीय, शाई उडालीय. आता?

चष्मा_कुठाय: २०१० चं पासबुक शोधा. एकरकमी कधी जमा झाली ते त्यात दिसेल.

जुना_हिशेबनीस: हयातीचा दाखला दिलात का? नोव्हेंबर चाललाय.