लॅबने रुग्णालयाला नुसता पीडीएफ रिपोर्ट पाठवणे बंद व्हावे का?

धागाकर्ता, ऐरोली

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान-मध्यम रुग्णालयांच्या संगणक प्रणाली एकमेकींना जोडण्याचे काम मी करतो. त्या कामातून बनलेले एक मत चर्चेला ठेवतो. लॅबने रुग्णालयाला नुसता पीडीएफ पाठवण्याची पद्धत बंद व्हावी, प्रत्येक चाचणीचा निकाल कोड, आकडा आणि एकक यांसह प्रमाणित संदेशातून यावा, आणि लॅबशी करार करतानाच रुग्णालयांनी तशी अट घालावी.

पावसाळ्यात डेंग्यूचा रुग्ण घोडबंदर रोडवरच्या नर्सिंग होममधून वाशीच्या मोठ्या रुग्णालयात हलवला जातो, तेव्हा सोबत दोन-तीन लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात. एकात प्लेटलेट '०.४८ लाख' असतात, दुसऱ्यात '४८,०००', तर तिसऱ्यात नुसते '४८' आणि शेजारी बारीक अक्षरात 'हजार प्रति मायक्रोलिटर'. डॉक्टरांना हे तिन्ही आकडे एकच आहेत हे कळते, पण संगणकाला कळत नाही. म्हणून रात्रपाळीची सिस्टर ते पाहून पाहून टाइप करते, आणि एखादे शून्य कमी-जास्त झाले की आलेखातली घसरण खरी की टंकनाची हे ठरवण्यात वेळ जातो.

यावरचा उपाय जुना आहे. आरोग्यसेवेतल्या संगणकांनी एकमेकांना माहिती कशी पाठवावी याची मानके ठरवणारी एचएल७ ही संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संदेश आजही जगभरच्या रुग्णालयांत चालतात. त्यातल्या ओबीएक्स नावाच्या निकालाच्या ओळीत तिसऱ्या खान्यात चाचणीचा कोड, पाचव्यात आकडा, सहाव्यात एकक आणि सातव्यात संदर्भमर्यादा असते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने तर एचएल७चेच एफएचआयआर हे नवे मानक स्वीकारले आहे, आणि त्याची भारतीय मार्गदर्शिका पुण्यातल्या सी-डॅकमधील राष्ट्रीय संसाधन केंद्राने तयार केली आहे. मात्र त्याच चौकटीत स्कॅन केलेला कागद किंवा पीडीएफ 'आरोग्य दस्तऐवज' म्हणून जोडण्याचीही मुभा आहे. ज्यांना कष्ट नको असतात ते तेवढेच करतात. मग रुग्णाच्या आभा क्रमांकाला (मिशनमधल्या त्याच्या आरोग्य खात्याला) नोंद जोडलेली दिसते, पण तिच्यातला एकही आकडा आलेखात येत नाही.

प्रतिसाद: पॅथॉलॉजिस्ट, नौपाडा

आपला हेतू चांगला आहे, पण मी या अटीच्या विरोधात आहे. पीडीएफ हा माझ्या सहीचा, मी पूर्ण वाचून सोडलेला दस्तऐवज असतो. प्लेटलेटचेच उदाहरण घ्या. काही रुग्णांच्या रक्तात ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र आकडा खोटा कमी दाखवते. तेव्हा स्लाइड पाहून मी रिपोर्टखाली लिहिते, "पुंजके दिसतात, सिट्रेट नमुन्यावर पुन्हा तपासावे." त्या रिपोर्टमधली सर्वांत मोलाची ओळ ही असते. आपल्या आलेखात आकडा जाईल आणि माझी ओळ मागे राहील. मग पलीकडच्या डॉक्टरांनी घाईत प्लेटलेट चढवण्याचा निर्णय घेतला तर त्याची जबाबदारी कोणाची?

खर्चाचाही विचार व्हावा. नवे रुग्णालय जोडायचे म्हटले की सॉफ्टवेअर पुरवणारा प्रत्येक जोडणीचे वेगळे पैसे मागतो, आणि ते लहान लॅबला परवडत नाहीत.

प्रतिसाद: धागाकर्ता

मॅडम, आपली ओळ मागे राहण्याचे कारण नाही. जुन्या संदेशात शेऱ्यासाठी एनटीई ही स्वतंत्र ओळ आहे, एफएचआयआरमध्ये निरीक्षणालाच टीप जोडता येते, आणि सही असलेला पीडीएफ त्याच निदान-अहवालासोबत जातो. मी 'नुसता' पीडीएफ म्हटले ते म्हणूनच. शिवाय यंत्राने मोजलेल्या आणि हाताने मोजलेल्या प्लेटलेटना लॉइंकमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या प्रमाणित कोडच्या यादीत, वेगवेगळे कोड आहेत. त्यामुळे आपण स्लाइडवर मोजलेला आकडा यंत्राच्या आकड्यात मिसळणार नाही.

प्रतिसाद: इंटरफेस अभियंता, महापे

धागाकर्त्यांच्या निदानाशी सहमत आहे, पण नव्या मानकावरच्या त्यांच्या भिस्तीशी नाही. एचएल७ने तिसरी आवृत्ती एका भव्य माहिती-प्रतिमानावर उभारली, पण संदेश म्हणून ती फार थोड्या ठिकाणी रुजली. दुसरी आवृत्ती टिकली ती लवचीक होती म्हणून. त्या लवचीकपणाचा त्रासही मी रोज पाहतो. बहुतेक खाने ऐच्छिक असतात, जो तो 'झेड' अक्षराने सुरू होणाऱ्या स्वतःच्या ओळी घुसवतो, आणि दोन्ही बाजू मानक पाळत असूनही जोडणी जुळत नाही. पण एफएचआयआर आणल्याने हे आपोआप सुटत नाही. लॅबने कोडच्या जागी 'पीएलटी' एवढेच लिहिले, तर ते जुन्या संदेशातल्या पाइपच्या चिन्हांमध्ये लिहिले काय आणि एफएचआयआरच्या जेसन मांडणीत लिहिले काय, पलीकडच्या यंत्राला सारखेच अपुरे. आधी चाचण्यांची यादी लॉइंकशी जुळवा आणि एकके यूकम या प्रमाणित पद्धतीत लिहा. ॲनालायझर (चाचणीची यंत्रे) आज ज्या संदेशांत बोलतात त्यांतच बोलू द्या, आणि मिशनला माहिती देतानाच रूपांतर करा. लॉइंकच्या वापराला शुल्क लागत नाही. खरे कष्ट यादी जुळवण्याचे आहेत, आणि त्याला पॅथॉलॉजिस्टच बसावे लागते.

प्रतिसाद: फिजिशियन, नेरूळ

मला एका गोष्टीवर भर द्यावासा वाटतो, ती म्हणजे दुरुस्त रिपोर्ट. सकाळी पोटॅशियम ६.८ आले, लॅबने नमुना हिमोलाइज झाल्याचे (त्यातल्या रक्तपेशी फुटल्याचे) पाहून पुन्हा तपासले आणि दुपारी ४.६ चा नवा रिपोर्ट पाठवला. व्हॉट्सॲपवर दोन्ही पीडीएफ एकाखाली एक पडून राहतात, आणि संध्याकाळच्या डॉक्टरांनी आधी कोणता उघडला यावर पुढचे उपचार ठरतात. संदेशात मात्र निकालाची स्थिती स्वतंत्र खान्यात असते, म्हणजे प्राथमिक, अंतिम की दुरुस्त. प्रणालीने ती वाचली तर जुना आकडा पडद्यावरून हटतो आणि इतिहासात राहतो. पॅथॉलॉजिस्ट मॅडमची सही जितकी महत्त्वाची, तितकेच सही केलेला निकाल नंतर बदलला हे आम्हाला कळणेही महत्त्वाचे आहे. म्हणून मी या अटीच्या बाजूने आहे.

प्रतिसाद: पॅथॉलॉजिस्ट, नौपाडा

दुरुस्त रिपोर्टचा मुद्दा मला पटला. तरीही सर्व चाचण्यांसाठी सरसकट अट मला मान्य नाही. हिस्टोपॅथॉलॉजीचा (ऊतींच्या तपासणीचा) वर्णनात्मक अहवाल खान्यांत तोडण्यात रुग्णाचे काही हित नाही. हिमोग्राम, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट अशा आकड्यांच्या चाचण्यांपासून सुरुवात करायला मी तयार आहे आणि कोड जुळवायलाही बसेन. मात्र जोडणीचा खर्च अट घालणाऱ्या रुग्णालयाने उचलावा. आणि करारावर सही करण्यापूर्वी, पुंजक्यांचा शेरा असलेला एक चाचणी-संदेश मी पाठवेन. तो शेरा वॉर्डातल्या पडद्यावर, वेगळे बटण न दाबता, आकड्याच्या शेजारी दिसतो हे मला तिथे उभे राहून पाहायचे आहे.